तेरा ग्रॅम जास्त

वजनमापं तपासणाऱ्या साहेबांना बाजारात सगळे ‘तोळामासा’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण साहेबांची पाठ दुकानाच्या दारातून पुरती बाहेर पडायच्या आतच म्हणायचे, त्यामुळे सत्तावीस वर्षं त्यांना ते नीट ऐकू येत होतं. त्यांनी कधी राग मानला नाही. काम होतंच तसं. हातात लाकडी पेटी, तिच्यात मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. लाच तर सोडाच, कुठल्या दुकानात पाण्याचा पेलासुद्धा त्यांनी कधी तोंडाला लावला नव्हता. नाकासमोर चालणारा माणूस, आणि नाकही सरळ.

घरी थोरली बहीण होती, ताई. तिनं लग्न केलं नाही, यांचं राहून गेलं. दोघं एकच वर्तमानपत्र मधोमध वाटून घेत आणि चहा संपला की पानांची अदलाबदल करत. त्रेपन्नावं वर्ष लागलं तेव्हा साहेबांचा पक्का समज झाला होता की आपल्या आयुष्यात जे व्हायचं होतं ते होऊन गेलं, आणि ते काही फारसं नव्हतं.

अशात कचेरीत एक निनावी पत्र आलं. अमुक पत्त्यावरच्या सुकामेवा कंपनीच्या पाकिटांवर लिहिलेलं वजन आणि आतलं वजन जुळत नाही, चौकशी व्हावी.

पत्ता सायकलदुरुस्तीच्या दुकानावरचा पहिला मजला असा होता. जिना इतका अरुंद की पेटी छातीशी धरून आडवं चढावं लागलं. अर्ध्या जिन्यातच वरून हसण्याचा आवाज आला. साहेब दारात आले की कुठलंही हसणं बंद पडतं, हा त्यांचा जुना अनुभव. इथं उलटं झालं. दारात त्यांनी पाऊल ठेवलं आणि समोर, डावीकडे, उजवीकडे वीसेक साहेब एकदम पेट्या घेऊन दारात उभे राहिले. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे होते. साहेब इतके दचकले की त्यांनी समोरच्या साहेबाला मान लववून नमस्कार केला, आणि मग तर आतल्या बायकांची हसून मुरकुंडीच वळली.

सहा बायका होत्या, डोक्याला पांढऱ्या टोप्या, लांब टेबलावर जर्दाळूंचा ढीग. भिंतीला लागून कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडा आणि त्यावर धुतलेले एप्रन वाळत घातलेले. पन्नाशीची एक सडपातळ बाई किंचित लंगडत पुढे आली. तिला सगळ्या ‘बाई’ म्हणत होत्या.

साहेबांनी ओळख सांगितली, पेन काढलं.

“कंपनीचं नाव?”

“थांबा, सांगते,” बाई म्हणाल्या.

साहेब कागदावर पेन टेकवून थांबले. बाईही थांबल्या. सगळ्या जणी ओठ मिटून छताकडे बघायला लागल्या.

“सांगा ना.”

“सांगितलं की.”

“काय सांगितलंत?”

“थांबा, सांगते.”

“अहो बाई, मी थांबलोच आहे.”

शेवटी खोक्यांना चिकटपट्टी लावणाऱ्या काकूंना राहवेना. त्यांनी एक पाकीट उचलून साहेबांच्या नाकासमोर धरलं. त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘थांबा सांगते’, आणि खाली बारीक, ‘निवडक सुकामेवा’.

त्याचं असं झालं होतं. छापखानेवाल्याचा फोन आला होता, लेबलांवर नाव काय टाकू? बाईंच्या एका हातात उकळतं पातेलं होतं. त्या म्हणाल्या, “थांबा, सांगते.” फोन कट झाला. छापखानेवाला बिचारा कमी ऐकणारा आणि जास्त काम करणारा. संध्याकाळी पाच हजार लेबलं घेऊन हजर. परत छापायची ऐपत नव्हती. पाच हजार संपेपर्यंत गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘ते थांबा सांगते द्या’ म्हणायला शिकलं होतं. मग तेच राहिलं.

साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि कामाला लागले. आधी पितळी वजनं ठेवून काटा तपासला. काटा चोख होता. मग पाकीट ठेवलं. वर छापलं होतं दोनशे पन्नास ग्रॅम. काटा म्हणाला दोनशे त्रेसष्ट. साहेबांनी पाकीट काढून पुन्हा ठेवलं. दोनशे त्रेसष्ट. दुसरं दोनशे अठ्ठावन्न. तिसरं दोनशे एकाहत्तर. वीस पाकिटं झाली तेव्हा सरासरी निघाली, पाकिटामागे तेरा ग्रॅम जास्त.

“बाई,” साहेब म्हणाले, “तक्रार खरी आहे.”

पाकिटं बंद करणाऱ्या यंत्रावरच्या मावशींची पाचावर धारण बसली.

“वजन जुळत नाही. जास्त आहे.”

“बरं. मग?”

“मग… नियमांत कमी भरण्याला दंड आहे.” साहेबांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, चष्मा पुसून पुन्हा उलटली. “जास्त भरण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“बक्षीससुद्धा नाही?” बाईंनी विचारलं.

आता हे काही फार मोठं विनोदी वाक्य नव्हे. पण त्या म्हणाल्या असं काही तोंड करून, की चिकटपट्टीवाल्या काकू फुटल्या, मग मावशी फुटल्या, आणि मग साहेबांच्या पोटात कुठंतरी खोल, सत्तावीस वर्षं घडी घालून ठेवलेलं काहीतरी उलगडलं. ते हसले. हसताना त्यांनी मान वर केली तर वीस साहेब हसत होते. आपण हसताना कसे दिसतो ते त्यांना माहीतच नव्हतं. डावीकडची एक दाढ नाही हे वीस ठिकाणी दिसलं. त्यामुळे आणखी हसू आलं.

“पण जास्त का भरता?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

“अंजीर काय कापून घालू? शेवटचं एक घातलं की काटा पुढे जातो, काढलं की मागे. एकदा घातलेलं काढायला हात धजत नाही हो.”

लोक आवळा देऊन कोहळा काढतात. ही बाई राजरोस कोहळा देऊन आवळा घेत होती. साहेब खुर्चीवर बसले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला आणि तो त्यांनी घटाघटा पिऊन टाकला. पेला खाली ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

मग बाईंनी कंपनीची हकिगत सांगितली, आणि साहेबांनी ती कागदावर उतरवून घेतली नाही, नुसती ऐकली. ही खोली म्हणजे बाईंचा नाचाचा क्लास. एकोणीस वर्षं चालला. एक दिवस त्यांच्या उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला, महिनाभरात डाव्यानं त्याला पाठिंबा दिला. मुली मोठ्या होऊन पांगल्या. पण मुलींना सोडायला येणाऱ्या आया मात्र येतच राहिल्या. एवढी वर्षं बाकावर बसून गप्पा मारायची सवय. क्लास बंद झाला म्हणून गप्पा कशा बंद होतील? ठरल्या वेळी सहाजणी हजर.

बाईंचा दादा ट्रक चालवायचा. त्यानं एकदा जर्दाळूंचे चाळीस खोके आणून इथं उतरवले. खोके बाहेरून भिजलेले दिसले म्हणून घेणाऱ्यानं हात वर केले होते. “दोन दिवस ठेव गं फक्त,” म्हणून दादा जो गेला तो तीन आठवड्यांनी परत आला, आणि मालवाल्याचा निरोप घेऊन आला की मिळेल त्या भावात उचला आणि मला मोकळं करा. तोवर बाकावरच्या बायकांनी खोके उघडून पाहिले होते. आतला माल सोन्यासारखा होता. चाखून पाहता पाहता पहिला खोका निम्मा झाला, तेव्हा चिकटपट्टीवाल्या काकू म्हणाल्या, “बायांनो, हे आपण विकायला हवं, नाहीतर आपल्याला दारातून बाहेर पडता येणार नाही.”

यंत्र कुठून आणणार? पाकिटाच्या तोंडावर वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा आणि वरून कपड्यांची इस्त्री फिरवायची. पहिल्या चौदा पाकिटांवर उलट्या अक्षरांत हवामानाचा अंदाज उमटला. ती चौदा खालच्या सायकलवाल्यानं घेतली. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, त्याच्या तोंडाला काहीतरी चाळा हवाच. आठवड्यात चाळीस खोके संपले. दादाला सांगून पुढचे मागवले, मग अंजीर आले, मग मनुका. बाई नाचासारखं एक ते आठ मोजत पाकिटं भरायला शिकवायच्या, कारण त्यांना दुसरं काही शिकवताच येत नव्हतं. सातला भरायचं, आठला पुढे सरकवायचं. अजून तसंच चालतं.

साहेब खाली उतरले तेव्हा दीड वाजला होता. ते अकराला चढले होते. रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्यावर त्यांना उजवा हात हलका वाटला. वजनांची पेटी वरच राहिली होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ते परत चढले, तर जिन्याच्या तोंडाशी बाई पेटी घेऊन उभ्या होत्या, आणि पेटी देता-घेताना बोटाला बोट लागलं. एवढंच झालं. काटा आयुष्यभर हातात होता, अंगावर तो त्या दिवशी आला.

त्यानंतर महिनाभरात त्या कंपनीची आणखी तीनदा तपासणी झाली. एकदा मनुकांची, एकदा अंजिरांची, आणि एकदा कशाची ते साहेबांनाही सांगता आलं नसतं. घरी ताई बघत होती. साहेब दाढी करताना आरशासमोर पाऊण तास. साहेब उलटा सदरा घालून बाहेर निघालेले.

“अरे, तू शीळ घालतोयस,” एका सकाळी ताई म्हणाली.

“छे.”

“मग भिंतीत पाखरू शिरलंय म्हणायचं.”

कचेरीतल्या कारकुनानंही एक दिवस भुवई उंचावून विचारलं, “साहेब, या कंपनीत एवढं वजनदार काय आहे?” साहेबांचे कान तापले. त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच त्यांनी अर्ज लिहिला, की या कंपनीचं प्रकरण दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यावं, माझी तटस्थता राहिलेली नाही.

वरिष्ठांनी अर्ज दोनदा वाचला. “काय झालं? भांडलात?”

“नाही, सर. उलट.”

“उलट म्हणजे?”

साहेबांनी तोंडात मूग धरले तरी चेहरा थोडाच गप्प बसतो! वरिष्ठ त्यांच्याकडे बघत राहिले, मग सही ठोकून म्हणाले, “जा. आणि ती पेटी इथंच ठेवून जा.”

साहेब गेले. जिना या वेळी सरळ चढता आला. आत सहा टोप्या वर झाल्या.

“साहेब, वजनं कुठायत?” मावशींनी विचारलं.

“नाही आणली. आज हलकाच आलोय.”

यंत्र थांबलं. चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज अर्ध्यात तुटला. बाई खोक्यांपाशी उभ्या होत्या. साहेबांनी जिन्यात वाक्य पाठ केलं होतं, चांगलं लांबलचक, त्यात ‘उभयतां’ असाही एक शब्द होता. पण समोर बघितलं तर बाई, डावीकडे बघितलं तर बाई, उजवीकडेही बाईच. पाठ केलेलं सगळं जिन्यातच राहिलं. शेवटी त्यातल्या त्यात जवळच्या बाईंकडे बघून ते एका दमात म्हणाले, “माझं वय त्रेपन्न आहे, एक दाढ नाही, घरी थोरली बहीण आहे, आणि तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?”

समोरच्या बाईंचे ओठ हलले, पण आवाज मागून आला.

“मी इकडे आहे, साहेब. ते आरशाला विचारलंत.”

साहेब गर्रकन वळले आणि मनुकांच्या खोक्यावर आपटले.

“माझं उत्तर हो आहे,” बाई म्हणाल्या, “पण इकडे तोंड करून पुन्हा एकदा विचारा. मला ऐकायला फार आवडलं.”

त्यांनी पुन्हा विचारलं. सहाजणींनी टोप्या हवेत उडवल्या. एक टोपी पंख्यात अडकली. खालचा सायकलवाला काहीतरी कोसळलं म्हणून पाना आणि हातातली सुटी घंटी घेऊन धावत वर आला, आणि खरं कारण कळल्यावर दारातूनच ती घंटी वाजवत बसला. त्या दिवशी एकही पाकीट भरलं गेलं नाही.

घरी सांगणं अवघड गेलं. ताईनं ऐकलं, वर्तमानपत्राची घडी घातली, आणि बराच वेळ त्या घडीवरून अंगठा फिरवत राहिली.

“छान झालं,” ती म्हणाली. “मग माझी अर्धी पानं वाचणार कोण?”

त्या रात्री पाखरानं शीळ घातली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई न सांगता एकटीच तिथं जाऊन थडकली. नवरी कशी आहे ते पाहायला. बाईंनी खुर्ची दिली, समोर अंजिरं निवडायला पसरलेली होती. ताईच्या हाताला स्वस्थ बसायची सवय नव्हती. बोलता बोलता तिनं एक अंजीर अंगठ्यानं दाबून बाजूला टाकलं. “हे आतून किडकं.” फोडून पाहिलं, किडकं निघालं. दुसरं दाबलं, “हे कोरडं.” कोरडंच. तासाभरात तिनं अर्धी परात निवडली आणि एकदाही चुकली नाही. चाळीस वर्षं या बोटांत ही विद्या आहे हे खुद्द ताईलाही ठाऊक नव्हतं.

“उद्या याल का, ताई?” बाईंनी विचारलं.

“उद्या कशाला? आज काय वाईट आहे?” ताई म्हणाली आणि टोपी मागितली.

साहेब संध्याकाळी घाबरत घाबरत आले, तर ताई मावशींच्या खांद्यावर हात मारून हसत होती. लग्न बुधवारी नोंदणी कार्यालयात झालं, कारण गुरुवारी माल यायचा होता. तिघं एका घरात राहू लागली. वर्तमानपत्राचे आता तीन वाटे पडायचे आणि मधल्या वाट्यावरून रोज भांडण.

सहा महिन्यांनी साहेबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ते कंपनीत रुजू झाले. पहिल्याच दिवशी म्हणाले, “आता हे तेरा ग्रॅम बघू.” त्यांनी लहान, मध्यम आणि मोठ्या फळांच्या तीन वेगळ्या पराती लावल्या. आधी मोठी घालायची, मग मध्यम, आणि काटा जवळ आला की एखादं लहान. कापायला नको, काढायला नको. महिनाभरात दोनशे पन्नास म्हणजे दोनशे पन्नास, फार तर एक्कावन्न. साहेबांना इतका आनंद झाला की ते घरी चमच्यानं साखरसुद्धा मोजून घालू लागले, आणि ताईनं चमचा काढून घेतला.

मग गिऱ्हाइकांची पत्रं यायला लागली. ‘पाकीट पूर्वीसारखं राहिलं नाही.’ ‘माल तोच, पण हाताला हलकं लागतं.’ एका आजोबांनी लिहिलं होतं की मी वीस फळांवर वीस दिवस काढायचो, आता विसाव्या दिवशी काय करू? साहेब तोंड पाडून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वजन बरोबर करून दिलं होतं आणि गाव म्हणत होतं की फसवलं.

बाईंनी पत्रं चाळली. “अहो, पाकीट पहिल्यासारखं करा आणि छाप बदला.”

“म्हणजे?”

“दोनशे साठ छापा.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांना पाकिटातला माल छापाशी जुळवायला लावला होता. छाप मालाशी जुळवता येतो हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. छापखानेवाल्याला या वेळी फोन केला नाही, मोठ्या अक्षरांत लिहून कागद हातात दिला. ‘दोनशे साठ ग्रॅम’ची पाकिटं निघाली. असलं विचित्र वजन बाजारात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. दुकानदार आधी हसले, मग दुप्पट मागवू लागले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः फळं वाळवायचं धाडस केलं. इमारतीची गच्ची मिळाली, दादानं ताज्या आलुबुखारांचा अर्धा ट्रक आणला. सहाजणी, ताई, बाई आणि साहेब दोन दिवस फळं उभी चिरून बिया काढत होते, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे. गच्चीभर लाकडी ताटल्या मांडल्या, वर पातळ पांढरी कापडं अंथरली, कोपऱ्यांवर विटा. तीन दिवस कडक ऊन पडलं. फळं सुरकुतून अशी गोड झाली की मावशी म्हणाल्या, “यांना बघूनच दात शिवशिवतात.”

चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला. आधी एक वीट सरकली. मग एक कापड फुगलं, उठलं आणि सरळ आकाशात. पाठोपाठ दुसरं, तिसरं. “धरा!” बाई ओरडल्या. सगळ्या जणी गच्चीवर धावत सुटल्या. काकूंनी एका कापडावर अंग टाकलं आणि त्या त्यासकट दोन हात घसरत गेल्या. ताईनं चक्क उडी मारून हवेतलं कापड पकडलं. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! एक ताटली कठड्यावरून कलंडली आणि खालच्या रस्त्यावर आलुबुखारांचा पाऊस पडला. सायकलवाल्यानं छत्री उघडी करून उलटी धरली. येणारे-जाणारे वर बघून पिशव्या पसरू लागले.

साहेब कधी पळाले नव्हते. शाळेतसुद्धा. ते हात पसरून एका कापडामागे पळत होते, ते कापड त्यांना हुलकावण्या देत होतं, आणि कोपऱ्यात गाठलं तेव्हा त्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून टाकलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. बाई लंगडत आल्या, कापडाचं टोक शोधू लागल्या, ते सापडेना, आणि हसता हसता त्याही आत शिरल्या.

खालून सायकलवाला ओरडून विचारत होता, “अहो, छत्रीतली परत द्यायची का खायची?”

“खा!” कापडातून दोन आवाज आले.

अर्धीअधिक फळं वाचली. उरलेली रस्त्यानं खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या जिन्यात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांची रांग खाली सायकलच्या दुकानाला वळसा घालून पलीकडे गेली होती.